चहापाण्याचीही तोशीस नको

बीजिंगमधल्या जुन्या माणसांपुढे जत्रेचा विषय काढला की एक तक्रार हमखास ऐकू येते. आताच्या जत्रेत काही राम राहिला नाही, नुसता बाजार झालाय. नोकरीनिमित्त मी तिथे राहत होते तेव्हा आमच्या इमारतीतल्या आजी हेच म्हणायच्या, कोपऱ्यावरचा भाजीवालाही हेच म्हणायचा, आणि चिनी नववर्षाच्या सुट्टीत दोघंही नातवंडांना घेऊन जत्रेला जायचेच. मला ती तक्रार अर्धी पटते. काहीतरी गेलंय हे नक्की. पण बाजार आला म्हणून ते गेलं, असं मला वाटत नाही. चीनमधली देवळाची जत्रा, जिला तिथे म्याओहुई म्हणतात, ती वाढली तीच बाजाराचं बोट धरून. गेलंय ते वेगळंच. ते काय, हे शहरातल्या जत्रेत उभं राहून कळत नाही. त्यासाठी डोंगर चढावा लागतो.

आधी शहरातली जत्रा बघू. बीजिंगमध्ये आज सगळ्यात जास्त नाव आहे ते दीथानच्या जत्रेचं. दीथान म्हणजे पृथ्वीची वेदी. १५३० साली मिंग सम्राटाने ती बांधली. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, म्हणजे जूनमधल्या अयनदिनी, सम्राट इथे येऊन पृथ्वीला नैवेद्य आणि बळी अर्पण करायचा. सामान्य माणसाला या भिंतींच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्यामुळे जत्रा भरण्याचा प्रश्नच नव्हता. ती सुरू झाली १९८५ साली. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जत्रा, देवळं, उदबत्त्या सगळंच गुन्ह्यात जमा झालं होतं. ते दिवस सरले, लोकांना पुन्हा एकत्र जमावंसं वाटू लागलं, आणि शहराने या जुन्या शाही आवारात नववर्षाची जत्रा मांडली. जुनाट सुरूसारख्या झाडांवर लाल कंदील, शेवटच्या, छिंग राजघराण्याच्या काळातले झगे घालून पृथ्वीपूजेचा देखावा करणारे कलाकार, आणि खाली माणसांचा पूर. देऊळ नसलेली ही देवळाची जत्रा. तरीही मला ती मनापासून आवडते.

आवडते ती मुख्यतः तिथल्या हातांमुळे. छाथांगवाल्याचं घ्या. त्याच्यापुढे पुरुषभर घेराची तांब्याची किटली असते, आत निखारे, भोवती खदखदतं पाणी, आणि तोटीला ड्रॅगनचं तोंड. वाडग्यात भरडधान्याचं पीठ थोड्या पाण्यात कालवून ठेवलेलं. तो पाय फाकवून उभा राहतो, एका हातात वाडगा धरतो आणि दुसऱ्या हाताने ती अवजड किटली कलती करतो. उकळत्या पाण्याची धार वाडग्यात पडते आणि क्षणात थांबते. जास्त पडलं तर पातळ पेज होते, कमी पडलं तर गोळे राहतात, आणि नेम चुकला तर हात भाजतो. त्या एका धारेत पीठ शिजून घट्ट होतं. वर काळपट साखर, तीळ, बेदाणे. थंडी शून्याच्या खाली गेलेली असताना तो वाडगा हातात धरला की आधी बोटं जागी होतात आणि मग जीभ.

शेजारी साखरेची चित्रं फुंकणारा असतो. गरम माल्टोजच्या गोळ्यातून तो लिंबाएवढा तुकडा तोडतो, बोटाने त्यात खळगा करतो, तोंड मिटवून एक बारीक नळी ओढून काढतो आणि तिच्यातून फुंकर घालतो. फुगत जाणाऱ्या त्या पारदर्शक फुग्याला चिमटे काढत काढत उंदीर, कोंबडा, डुक्कर तयार होतं. साखर थंड होऊन कडक व्हायच्या आत सगळं संपवावं लागतं. पलीकडे काठीवर ओवलेली, पाकात घोळवलेली लालबुंद आंबट फळं, म्हणजे थांगहुलू. आणि ज्वारीच्या ताटांच्या चौकटीवर बसवलेल्या रंगीत कागदी भिरभिऱ्या. वारा आला की त्यांच्या मागे बांधलेले मातीचे चिमुकले ढोल तडतडू लागतात.

या जागांचा लिलाव होतो. मोक्याचा गाळा भारी पडतो, म्हणून पदार्थ महाग होतात, म्हणून आजी कुरकुरतात. त्यांची कुरकूर रास्तच आहे.

आता मागे जाऊ, कारण बाजार आणि देव एकत्र कसे आले हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चिनी जत्रेच्या मुळाशी एक अगदी देशी गोष्ट आहे: गावाच्या भूमिदेवाची पूजा. वसंतात पेरणीआधी आणि शरदात पीक हाती आल्यावर गाव त्याच्यापुढे जमायचं, वर्गणी काढून बळी द्यायचं, मांस वाटून घ्यायचं आणि दारू प्यायचं. हे बौद्ध धर्म चीनमध्ये पोचण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं. दुसरं मूळ आपल्याकडून गेलं, आणि हे वाचताना मला अजूनही अंगावर काटा येतो.

शाळेच्या इतिहासात भेटलेला फाहियान आठवत असेल. इ.स. ३९९ मध्ये तो छांगआनहून, म्हणजे आजच्या शिआनहून, निघाला. वाटेत मध्य आशियातल्या खोतान या बौद्ध राज्यात त्याने बुद्धमूर्तींची मिरवणूक पाहिली. चिनी पंचांगाच्या चौथ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून रस्ते झाडले जायचे. मूर्तीचा उंच रथ वेशीपासून शंभर पावलांवर आला की राजा मुकुट उतरवायचा, नवे कपडे घालायचा आणि हातात फुलं-उदबत्त्या घेऊन अनवाणी सामोरा जायचा. तिथे चौदा मोठे विहार होते. प्रत्येकाला मिरवणुकीचा एकेक दिवस, म्हणजे उत्सव पंधरवडाभर. पुढे पाटलीपुत्रात त्याला तोच प्रकार दिसला: दुसऱ्या महिन्याच्या आठव्या तारखेला बांबूचे पाच मजली, चार चाकांचे रथ, संख्येने वीसेक, एकासारखा दुसरा नाही. रात्रभर दिवे आणि वाद्यं. आपल्या पूर्वजांच्या रथयात्रेचं हे वर्णन चीनमधून चालत आलेल्या एका भिक्षूने लिहून ठेवलं म्हणून आपल्याला वाचायला मिळतं.

शंभर वर्षांनी हेच दृश्य चीनच्या मध्यभागी, लोयांगमध्ये उभं राहिलेलं दिसतं. उत्तरेच्या वेइ घराण्याची ही राजधानी विहारांनी गजबजलेली होती. चौथ्या महिन्याच्या सातव्या तारखेला शहरभरच्या मूर्ती चिंगमिंग विहारात गोळा व्हायच्या, हजाराहून जास्त. दुसऱ्या दिवशी त्या राजवाड्यासमोर आल्या की सम्राट त्यांच्यावर फुलं उधळायचा. हे पाहून पश्चिमेकडून आलेला एक भिक्षू ओरडला होता की हाच बुद्धाचा देश. दुसऱ्या एका विहाराची मूर्ती सहा सुळ्यांच्या पांढऱ्या हत्तीवर बसून चौथ्या तारखेला बाहेर पडायची, आणि तिच्यासोबत तलवार गिळणारे, तोंडातून जाळ काढणारे, दोरावर चढणारे निघायचे. मूर्ती थांबेल तिथे माणसांची भिंत व्हायची आणि चेंगराचेंगरीत अनेकदा जीव जायचे. हे सगळं नोंदवणारा यांग श्युआनची हा अधिकारी ५४७ साली लोयांगला परत आला तेव्हा शहर ओसाड पडलं होतं. विहारांच्या पडक्या भिंती पाहून त्याने आठवणी लिहून काढल्या. त्यातल्या डोंबाऱ्यांकडे मी पुन्हा पुन्हा जाते. एवढ्या आधी, साक्षात बुद्धाच्या मिरवणुकीतही, तलवार गिळणारा होताच.

गर्दी जमली की विकणारा येतो. सोंग राजघराण्याच्या काळात, राजधानी कायफंगच्या श्यांगक्वो मंदिरात, हे पूर्णत्वाला गेलं. महिन्यातून पाच दिवस मंदिराचं आवार बाजारासाठी खुलं व्हायचं. पहिल्या दारात पक्षी, मांजरं, कुत्री. आतल्या दारांत रोजच्या वापराच्या वस्तू. चौकात रंगीत छतांखाली चटया, खोगिरं, धनुष्यं, फळं, सुकं मांस. बुद्धाच्या गाभाऱ्याजवळ कुंचले, शाई आणि साखरेत मुरवलेली फळं. दोन्ही ओवऱ्यांत भिक्षुणी बसायच्या, आपण केलेलं भरतकाम आणि कापडी फुलं विकायला. मागच्या बाजूला पुस्तकं, जुनी चित्रं, नोकरी संपवून परतलेल्या अधिकाऱ्यांनी प्रांतोप्रांतीहून आणलेला माल. अगदी शेवटी ज्योतिषी. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत बाजार आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

याच बाजारात एक तरुण जोडपं यायचं. ती ली छिंगचाओ, चीनच्या सर्वश्रेष्ठ कवयित्रींपैकी एक. तो चाओ मिंगछंग, राजविद्यालयात शिकणारा. लग्न नवं, पैसे नाहीत. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तारखेला त्याला सुट्टी मिळायची. तेव्हा ते कपडे गहाण टाकून पाचशे नाणी उभी करायचे, श्यांगक्वोच्या बाजारात जायचे, जुन्या शिलालेखांचे ठसे आणि थोडी फळं विकत घ्यायचे. घरी येऊन समोरासमोर बसायचं, फळं खात खात ते ठसे उलगडून बघायचे. पुढे युद्ध झालं, राजधानी पडली, तो गेला, आयुष्यभर जमवलेला संग्रह पांगला. उतारवयाकडे झुकलेल्या छिंगचाओने त्या दोघांच्या संग्रहाची कहाणी लिहिली तेव्हा तिला हे दिवस आठवले. जत्रेतली खरेदी उथळ असते असं कोणी म्हणालं की मला ही दोघं आठवतात.

बीजिंग राजधानी झाल्यावर तिथे तर जत्रांचं वेळापत्रकच झालं. तीन आकडा असलेल्या तारखांना भूमिदेवाच्या देवळात, पाच-सहाला पांढऱ्या स्तूपाच्या देवळात, सात-आठला हूक्वोस देवळात, नऊ-दहाला लुंगफूस देवळात. घरात फडा, सुई, कुंडी लागली तर लोक तारीख बघून कुठे जायचं ते ठरवत. नववर्षात छांगत्यानला पुस्तकं आणि जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा. आणि पहिल्या महिन्याच्या एकोणिसाव्या तारखेला पांढऱ्या ढगांच्या मठात, पाय्युन क्वानला, छिउ छूची या ताओपंथी साधूचा जन्मदिवस. हा तोच साधू जो सत्तरी ओलांडल्यावर चंगीझ खानाच्या बोलावण्यावरून हिंदुकुशापर्यंत गेला, १२२२ साली त्याला भेटला, आणि अमर होण्याचं औषध मागणाऱ्या त्या बादशहाला म्हणाला की तसलं औषध नाही, रक्तपात कमी करा. आदल्या रात्री हा साधू वेषांतर करून मठात येतो अशी समजूत आहे. भिकारी असेल, म्हातारी असेल, कोणीही असेल. त्यामुळे त्या रात्री लोक प्रत्येक फाटक्या माणसाकडे आदराने बघत. मठाच्या दारातल्या कमानीवर एक दगडी माकड कोरलंय, तळहाताएवढं. आत जाणारा प्रत्येकजण त्याला हात लावतो. मी गेले तेव्हा ते कोरीवकामात शोधावं लागलं नाही. भोवतीचा दगड खरखरीत आणि करडा, आणि माकड तेवढं काळं, गुळगुळीत, नाकडोळे पुसले गेलेलं.

जत्रेची एक बाजू इतिहासात कमी दिसते, कारण ती कायद्याच्या पुस्तकात लपली आहे. मिंग आणि छिंग या दोन्ही राजवटींच्या कायद्यात असं कलम होतं: घरातल्या बायकामुलींना देवळात उदबत्ती लावायला जाऊ दिलं तर चाळीस फटके, आणि ते खायचे नवऱ्याने किंवा घरातल्या पुरुषाने. अधिकारी वारंवार बंदीचे हुकूम काढत राहिले. वारंवार काढावे लागले यातच सगळं आलं. बायका जात होत्या. मूल व्हावं म्हणून, आईचे डोळे बरे व्हावेत म्हणून, देवी आलेलं पोर वाचावं म्हणून. आणि मला खात्री आहे की त्याबरोबरच रस्त्याने चालायला, गर्दीत मिसळायला, स्वतःच्या हाताने रिबीन निवडायलाही. देवीचा नवस हे असं कारण होतं की सासूलाही नाही म्हणणं जड जायचं.

नाटकाचंही तसंच. जुन्या चिनी देवळांत रंगमंच गाभाऱ्याकडे तोंड करून बांधलेला असतो. नाटक देवासाठी आहे. माणसं मध्ये उभी राहतात, देवाकडे पाठ करून, आणि देवाला दाखवलेलं नाटक फुकटात बघतात. यजमान देव, आणि बाकी सगळे त्याचे पाहुणे.

हे पाहुणेपण जिथे सगळ्यात दाट होतं ती जागा म्हणजे म्याओफंगशान, बीजिंगच्या पश्चिमेचा डोंगर. माथ्यावर बीश्या युआनच्युन या देवीचं देऊळ आहे. ती थाय पर्वताच्या देवाची मुलगी मानली जाते. एवढं लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे तिला नुसतं लाओ न्यांगन्यांग म्हणतात. आपण म्हाताऱ्या आईला ज्या सुरात हाक मारू तो सूर. जत्रा चौथ्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. आपल्या अमान्त पंचांगाचा वैशाख बहुतेक तेव्हाच असतो. फूछा तुनछुंग या मांचू लेखकाने १९०६ साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की रात्री डोंगरवाटांवरचे दिवे नक्षत्रांसारखे दिसत, आलेले लोक लाखांत मोजावे लागत, आणि असा भक्तीचा पूर जगात दुसरीकडे नसेल.

एवढ्या लोकांचं खाणंपिणं, उजेड, रस्ता कोण बघायचं? सरकार नाही, देऊळही नाही. ते बघायच्या मंडळ्या, ज्यांना तिथे श्यांगहुई म्हणतात. शहरातल्या गल्ल्यांतून, धंद्याधंद्यांतून, खेड्यापाड्यांतून या मंडळ्या उभ्या राहिलेल्या. कोणी वाटेवर मांडव घालून चहा द्यायचं, कोणी पेज. कोणी डोंगरवाट दुरुस्त करायचं, कोणी रात्री कंदील लावायचं. चांभारांची मंडळी रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फाटक्या चपला शिवून द्यायची. मिठाची मंडळी प्रत्येक मांडवात मीठ पोचवायची. आणि माझी सगळ्यात लाडकी मंडळी म्हणजे फुटकी भांडी सांधणाऱ्यांची. हे कारागीर दरवर्षी डोंगरावर येऊन चहाच्या मांडवांतले तडकलेले वाडगे घेऊन बसायचे, तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडायचे आणि पितळी टाचे ठोकून वाडगा पुन्हा पाणी न गळणारा करून द्यायचे. लाखो लोक त्या वाडग्यांतून चहा पिणार होते. ज्याच्या हातात जी कला, ती त्याने देवीला वाहिली.

दुसऱ्या मंडळ्या खेळ करणाऱ्या. सिंहाचा नाच, उंच पायांच्या काठ्यांवर चालणारे, लाठ्या फिरवणारे, मोठे ढोल, आणि कपाळावर, दातांवर, खांद्यावर दोन-तीन मजली उंच बांबूचा झेंडा तोलणारे. यांचा क्रम ठरलेला असायचा आणि त्याला अर्थ होता. नाचणारे सिंह म्हणजे देवळाच्या दारातले दगडी सिंह. झेंड्याचा बांबू म्हणजे देवळापुढचा ध्वजस्तंभ. पेटी वाहणारे म्हणजे दानपेटी. ढोल म्हणजे देवळातला नगारा. सगळ्या मंडळ्या ओळीने निघाल्या की एक अख्खं देऊळ रस्त्याने चालत यायचं. छिंग राजवटीची राजमाता त्शीशी हिला याचं इतकं वेड की उन्हाळी राजवाड्याच्या कडेला तिने बाहेरचा रस्ता दिसेल अशी इमारत ठेवली होती. मंडळ्या तिथे थांबून खेळ दाखवायच्या आणि मग डोंगराकडे निघायच्या.

या सगळ्यांचा एक नियम होता, आणि माझ्या लेखी चिनी जत्रेचा जीव त्यात आहे. गाडी आणि सामानाचे हारे ज्याचे त्याने आणायचे, आणि कोणाला चहापाण्याचीही तोशीस द्यायची नाही. खेळ करणाऱ्या मंडळीला गावाने बोलावलं, वाहवा केली, तरी पैसा घ्यायचा नाही, जेवण घ्यायचं नाही. खर्च स्वतःचा. कित्येक कुटुंबांनी यात घरदार खर्ची घातलं. दोन मंडळ्या वाटेत समोरासमोर आल्या की ढोल थांबायचे, झेंडे झुकायचे, म्होरके पुढे होऊन एकमेकांना वाकून नमस्कार करायचे, पत्रिका द्यायच्या-घ्यायच्या, आणि मग वाट मोकळी व्हायची. आणि वाटेवर भेटणारा कोणीही, ओळखीचा असो नसो, एकच शब्द म्हणायचा: छ्येनछंग. भक्तिभाव असो. वारीत अनोळखी माणसालाही माउली म्हणतात, तसंच. वर जाणारा खाली येणाऱ्याला म्हणायचा, श्रीमंत हमालाला म्हणायचा.

१९२५ साली बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातले पाच जण हे बघायला डोंगरावर गेले. म्होरक्या होता इतिहासकार गू च्येकांग. ३० एप्रिल ते २ मे, तीन दिवस. तो काळ असा की शिकलेल्या चिनी माणसाला देवळं म्हणजे लाज वाटायची. देवळांच्या मिळकती घेऊन शाळा काढा, हा विचार १८९८ पासून जोरात होता. गू च्येकांगने वेगळंच केलं. तो यात्रेकरूंसारखा चालत चढला, आणि वाटेवर मंडळ्यांनी डकवलेल्या पिवळ्या पत्रिका वहीत उतरवून घेत गेला. कोणती मंडळी, कुठून आली, कोणत्या दिवशी निघणार, काय वाटणार. त्याचं म्हणणं सरळ होतं: लोकांसाठी काही करायचं म्हणता, तर आधी लोक काय करतात ते जाऊन बघा. एकही पैसा न घेता इतका मोठा कारभार साधी माणसं शिस्तीत चालवतात, हे त्याला अंधश्रद्धा या एका शब्दात गुंडाळता येईना. चीनमधल्या लोकसंस्कृतीच्या प्रत्यक्ष अभ्यासाची सुरुवात या तीन दिवसांपासून धरतात.

त्याने आणखी एक गोष्ट टिपली. देवीच्या आवारात वांग सान नायनाय, म्हणजे वांगांची तिसरी आजी, हिची मूर्ती होती. तियान्जिनकडची, लोकांची दुखणी बरी करणारी एक साधी बाई. मेल्यावर लोकांनी तिला देवी केलं. डोक्यावर मुकुट नाही, अंगावर खेडेगावातल्या बाईचे कपडे. सम्राटाच्या सहीशिक्क्याने बढती मिळालेल्या देवांच्या मांडीला मांडी लावून ही आजी बसली होती आणि तिच्यापुढे उदबत्त्या कमी नव्हत्या.

१९२८ साली नानचिंगच्या राष्ट्रवादी सरकारने कोणती देवळं ठेवायची आणि कोणती मोडायची याचे निकष काढले. १९३७ पासून जपानशी युद्ध, मग यादवी, मग कम्युनिस्टांची नवी राजवट. मंडळ्या विझत गेल्या. सांस्कृतिक क्रांतीत कित्येकांनी आपले झेंडे आणि पत्रिका स्वतःच जाळल्या, काहींनी भिंतीत लपवल्या. १९९० च्या दशकात डोंगरावर जत्रा पुन्हा भरू लागली तेव्हा म्हातारे झालेले म्होरके आपापले झेंडे घेऊन परत आले. २००८ साली तिचं नाव देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं.

मी गेले ती वैशाखातल्या एका ढगाळ सकाळी. डोंगराखालच्या च्यानकौ गावात गुलाबाची शेतं आहेत, कळ्या नुकत्या धरत होत्या. वरती धूर इतका की डोळे चुरचुरत होते. दारातच एका मंडळीचा मांडव होता. मध्ये देवीची तसबीर, पुढे घंटा, बाजूला पेजेचं पातेलं आणि वाफवलेल्या पावांच्या करंड्या. आत शिरणाऱ्याला आधी देवीपुढे उभं करत, एकजण घंटेवर ठोका देई, मग हातात वाडगा. मांडवातला मुख्य माणूस साठीचा असावा. हातांवरून कारखान्यात आयुष्य गेलेला वाटला. मी परदेशी म्हणून त्याने वेगळं काही केलं नाही. पेज वाढली, छ्येनछंग म्हणाला, आणि माझ्यामागच्या बाईकडे वळला. मूगडाळीसारख्या हिरव्या दाण्यांची पेज, बिनसाखरेची, गरम. मी सवयीने पाकीट काढलं. त्याने नुसता हात आडवा केला.

दीथानला मी गिऱ्हाईक असते. चांगलं गिऱ्हाईक, खूश होऊन परतणारं, पण गिऱ्हाईक. इथे मी कोणाची तरी पाहुणी होते. आमच्या इमारतीतल्या आजींना जत्रेत जे सापडत नाही ते बहुधा हेच आहे. कायफंगच्या भिक्षुणींनी भरतकाम विकलं त्याने देवळाचं काही बिघडलं नाही. पण त्याच आवारात कोणीतरी न विकता देणारंही असायचं. शहरातल्या नव्या जत्रांनी बाजार जपला, खेळ जपले, खाणं जपलं, अगदी सम्राटाची पूजासुद्धा जपली. मांडव घालून बसणारी माणसं तेवढी राहून गेली. दीथानच्या जत्रेत एका कोपऱ्यात एखाद्या मंडळीला फुकट चहाचा मांडव घालू दिला तर काय बिघडेल, असं मला फार वाटतं. लिलावातला एक गाळा कमी होईल, इतकंच.

२०२० च्या जानेवारीत कोरोनामुळे बीजिंगच्या जत्रा ऐनवेळी रद्द झाल्या आणि दीथानची जत्रा परत भरायला २०२४ उजाडलं. तेव्हाचे फोटो आजींनी मला पाठवले. नातीच्या हातात तिच्याहून उंच थांगहुलू, आणि खाली एक ओळ, की यंदा फारच महाग आहे.

कोणाला जायचं असेल तर नववर्षात दीथान बघा, आणि जमलं तर चौथ्या महिन्यात परत येऊन म्याओफंगशान चढा. शहराच्या पश्चिमेला मन्थौकौ जिल्ह्यात तो आहे. सकाळी लवकर निघा, कारण खेळाच्या मंडळ्या दुपारपर्यंत आटोपतात. शक्य असेल तर जुन्या पायवाटेने थोडं तरी चालत जा, तिच्यावर जुन्या चहामांडवांचे अवशेष आहेत. कोणी छ्येनछंग म्हणालं तर तेच परत म्हणा. पेज मिळाली की संपवा आणि वाडगा हातात द्या. उतरताना लोक केसांत, टोपीत लाल मखमली फुलं खोचून घरी जातात, देवीचं भाग्य घरी न्यायचं म्हणून. ती फुलं मात्र देवळाबाहेर विकायला असतात. घासाघीस न करता घ्या.